रुपयातले नऊ आणे: गिरणगावातली खाणावळ, आजीची वही आणि माझं एक्सेल शीट

हेडफोन नीट लावा, लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. आजचा भाग जेवणावर आहे, पण रेसिपी एकही सांगणार नाहीये. आजचा प्रश्न साधा आहे. हातात पैसे कमी आहेत, घरात खाणारी तोंडं ठरलेली आहेत आणि आठवडा सात दिवसांचा आहे. मग जेवण बसवायचं कसं? आणि आपल्या मुंबईत गेली शंभर वर्षं हे गणित कोण सोडवत आलंय?

हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही, नोकरी गेल्यामुळे सुचला.

तर झालं असं. २०२३ मध्ये एका सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि आमची अख्खी टीम घरी बसली. मी डोंबिवलीत राहतो. घरात आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी. बाबा रिटायर झालेले, बहीण कॉलेजात, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता. शिल्लक मोजली, हप्ता आणि फी बाजूला काढली आणि माझ्या लक्षात आलं की दूध आणि गॅस सोडला तर जेवणाला आठवड्याचे १,८०० रुपये उरतात. चार माणसं, सात दिवस.

मी बीटेक माणूस. संकट आलं की आपण काय करतो? एक्सेल उघडतो. मी पण उघडलं. एका कॉलममध्ये पदार्थ, दुसऱ्यात किलोचा भाव, तिसऱ्यात प्रथिनं, चौथ्यात कॅलरी. मग रुपयाला किती कॅलरी पडतात ते काढलं आणि सगळी यादी त्यावर लावली. तूरडाळ खाली गेली, चवळी आणि मटकी वर आली, पनीर पार तळाला. आठवड्याचा मेनू तयार. मी खूष.

आईने मोबाईल हातात घेतला, स्क्रोल केलं आणि म्हणाली, "छान आहे. पण यात खाडे कुठेत?"

मला खाडे म्हणजे काय तेच आधी कळलं नाही. मग तिने माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात माझ्या आजीच्या, म्हणजे बाबांच्या आईच्या वह्या होत्या. लाल पुठ्ठ्याच्या, लांबट, वाण्याकडे असतात तशा. आजी २०१६ मध्ये गेली. ती लालबागला चाळीतल्या खोलीत खाणावळ चालवायची हे मला माहीत होतं. पण "माहीत होतं" म्हणजे आपण जसं घरातल्या जुन्या कपाटाबद्दल माहीत असतो, तेवढंच.

त्या वह्यांमुळे मी मागे मागे जात राहिलो. चला, तुम्हालाही घेऊन जातो. आधी थेट शंभर वर्षं मागे.

कामगाराचं ताट आणि कैद्याचं ताट

१९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस सुरू केलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, महागाई वाढलेली, गिरण्यांत संप होत होते. मालक म्हणायचे पगार पुरेसा आहे, कामगार म्हणायचे पोट भरत नाही. मग कोण खरं बोलतंय हे ठरवायला आकडे हवेत, म्हणून फिंडले शिरास नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. २,४७३ कुटुंबं. शिवाय एकटे राहणारे पुरुष कामगार वेगळे मोजले. अहवाल १९२३ मध्ये छापला गेला.

थोडा विचार करा. मोबाईल नाही, कॅल्क्युलेटर नाही, माणसं चाळीत जिने चढून विचारतायत: ज्वारी किती आणली, तांदूळ किती, रॉकेल किती, भाडं किती. आपल्याकडच्या डेटा गोळा करण्याच्या इतिहासात हे मोठंच काम आहे.

आकडे असे निघाले. कुटुंबात सरासरी ४.२ माणसं. महिन्याची सरासरी कमाई ५२ रुपये ४ आणे ६ पै. आणि खर्चातला ५६.८ टक्के वाटा नुसत्या खाण्यावर.

टक्के बोअर होतात, म्हणून मी ते आण्यात बसवून बघितले. रुपयाचे सोळा आणे. त्यातले नऊ आणे पोटात गेले. दीड आणा कपड्यांवर. सव्वा आण्याच्या आसपास खोलीचं भाडं, जवळजवळ तेवढंच सरपण आणि दिवाबत्ती. उरलेल्या तीन आण्यांत बाकी सगळं आयुष्य. आणि सव्वा आणा भाड्यात काय मिळायचं? एक खोली. त्या पाहणीतली ९७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती.

अर्न्स्ट एंगेल नावाच्या एका जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये एक गोष्ट मांडली होती: घर जितकं गरीब, तितका खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. आजही हीच पट्टी वापरतात. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत शहरी भारतात खाण्याचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे सोळा आण्यांतले सव्वासहा. मी आमच्या घराचा नोकरी असतानाचा आणि नोकरी गेल्यानंतरचा वाटा काढून पाहिला. चार महिन्यांत आम्ही एंगेलच्या पट्टीवर झपाझप मागे सरकलो होतो. असो.

त्या अहवालातलं खरं गाजलेलं वाक्य वेगळंच होतं. शिरासने कामगाराच्या धान्याची तुलना दोन सरकारी नियमपुस्तकांशी केली. एक फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारी कामावर आलेल्या माणसाला किती धान्य द्यायचं त्याचे नियम. दुसरं बॉम्बे जेल मॅन्युअल, म्हणजे तुरुंगातल्या कैद्याला किती द्यायचं ते. निष्कर्ष असा की मुंबईचा कामगार दुष्काळी कामावर मिळणाऱ्या जास्तीत जास्त धान्याइतकं खातो, पण जेल मॅन्युअलमध्ये कैद्याला ठरवून दिलंय त्यापेक्षा कमी.

म्हणजे बघा, ज्या शहराच्या कापडावर अख्खी पेठ चालत होती, त्या शहरात कापड विणणारा माणूस कैद्यापेक्षा कमी धान्यावर होता. आणि हे कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणात नव्हतं, सरकारच्याच कागदावर होतं.

आठवड्याचं प्लॅनिंग का जमत नव्हतं

आता मुद्द्याचं. आपण आज म्हणतो, "आठवड्याचं प्लॅनिंग करा, एकदम सामान भरा, स्वस्त पडतं." बरोबर आहे. मग तेव्हाच्या लोकांना हे कळत नव्हतं का?

कळत होतं. अडचण पगाराच्या तारखेची होती. गिरणीत पगार महिन्याने व्हायचा, तोही महिना संपल्यावर पुढच्या महिन्याचे काही दिवस उलटल्यावर. गावाहून नवीन आलेल्या माणसाला पहिला पगार हातात पडेपर्यंत महिनाभरापेक्षा जास्त काळ काढायचा असायचा. तेवढे दिवस खायचं काय? वाण्याकडे वही. आणि वही एकदा उघडली की बंद होत नाही. पगार झाला की मागचं फेडायचं आणि त्याच दिवशी पुढचं उधार सुरू. उधारीवाल्या गिऱ्हाइकाला भाव करता येत नाही, दुकान बदलता येत नाही, तांदळात खडे निघाले तरी बोलता येत नाही.

त्याच पाहणीत ४७ टक्के कुटुंबं कर्जात सापडली, आणि कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतकं. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा. ऐकायला एक आणा किरकोळ वाटतो. पण सोळापैकी एक म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाचे पंचाहत्तर. क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल बघून आपण घाबरतो, हे त्याच्याही पुढचं.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लॉजिक बरोबर होतं, मेमरीच नव्हती. आठवड्याचं सामान आज भरायचं तर आठवड्याचे पैसे आज हातात हवेत. हे मला माझ्या स्वतःच्या चौथ्या आठवड्यात कळलं. पाच किलो तांदूळ घेतले तर किलोमागे सात रुपये वाचत होते आणि मी दोन किलोच घेऊन आलो, कारण तीन दिवसांनी बहिणीची फी भरायची होती.

खाणावळ

गिरण्यांत काम करणारे हजारो पुरुष मुंबईत एकटे असायचे. बायकामुलं गावी, साताऱ्याला, कोल्हापूरला, रत्नागिरीला. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. यांना जेवू कोण घालणार? तर चाळीतलीच एखादी बाई. तिचा नवरा गिरणीत, किंवा गिरणीतून निघालेला, किंवा वारलेला.

यात अजून एक धागा आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई असायची. पुढे रात्रपाळीत बायकांना बंदी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च, नवी यंत्रं अशी कारणं होत होत बायका गिरणीतून कमी होत गेल्या. गिरणीत जागा उरली नाही, तरी गिरणी चालवणाऱ्या माणसांना जेवू घालायचं काम त्यांच्याकडेच राहिलं. फक्त त्याला कामगार कायदा नाही, बोनस नाही, सुट्टी नाही.

माझी आजी पाटण तालुक्यातली. लग्न होऊन लालबागला आली. १९७२ च्या दुष्काळात गावाकडे काहीच उरलं नाही, तेव्हा आजोबांचे दोन चुलतभाऊ मुंबईला आले आणि आजीकडे जेवू लागले. मग त्यांचे खात्यातले मित्र. असं करत करत चौदा मेंबर झाले. खाणावळीत जेवणाऱ्याला मेंबरच म्हणायचे आणि आजीला सगळे मावशी म्हणायचे.

त्याच वर्षी मुंबईत महागाईविरोधात बायका रस्त्यावर आल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी वेगवेगळ्या पक्षांतून एकत्र येऊन महागाई प्रतिकार समिती काढली. लाटणं हातात घेऊन मोर्चे निघाले. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. आजी सांगायची, तिची भाकरी थापताना कडेने फाटायची आणि मेंबर ताटावर बसून ओरडायचे. शेवटी तिने त्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून बघितलं, तेव्हा कुठे जमली.

आता वही बघू. १९७८ ची. माणशी महिन्याला ८० रुपये, दोन वेळचं जेवण. प्रत्येक मेंबरच्या नावाखाली एकतीस चौकोन. आणि काही चौकोनांत फुली. हाच खाडा. मेंबर गावी गेला, पाहुण्यांकडे जेवला, तर आदल्या रात्री सांगायचं, मग तेवढे पैसे वजा. सांगितलं नाही तर वजा नाही, कारण तेवढं पीठ मळून झालेलं असतं.

गिरणीच्या तीन पाळ्या. पहिली सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. म्हणजे चौदा माणसं एका वेळी कधीच जेवत नसत. पहिल्या पाळीच्या माणसाला पहाटे डबा, तिसऱ्या पाळीचा सकाळी येऊन जेवून झोपणार, दुसऱ्या पाळीच्या माणसाचं ताट रात्री बारानंतर झाकलेलं. एक स्टोव्ह, एक शेगडी, दहा बाय बाराची खोली आणि पहाटेचं पाणी.

आणि तिचा आठवडा कसा होता ते ऐका, कारण आजही तो चालतो.

सोमवारी चार-पाच मेंबरांचा उपास, म्हणजे त्या दिवशी पीठ कमी. वाचलेलं पीठ रविवारच्या हिशेबात. मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार, तोही संध्याकाळी उशिरा, भाजीवाला उठायच्या बेतात असताना. पालेभाजी बाजाराच्याच दिवशी, कारण ती टिकत नाही. दुधी, भोपळा, वांगी पुढच्या दोन दिवसांत. त्यानंतर कडधान्य. बुधवारी रात्री मटकी भिजत घालायची, गुरुवारी फडक्यात बांधायची, शुक्रवारी मोड आलेले. भिजून मोड येईपर्यंत किलोभर मटकी दुपटीच्या वर फुगते, हे तिचं सगळ्यात आवडतं सत्य होतं. शनिवारी सगळ्यात स्वस्त जेवण: कुळथाचं पिठलं, भाकरी, कांदा. आणि रविवारी मटण, प्रत्येकाला मोजून चार फोडी, रस्सा हवा तेवढा. कोकणातले तीन मेंबर होते, त्यांच्यासाठी एखादा दिवस सुकट किंवा बोंबील.

शनिवारचं पिठलं आणि रविवारचं मटण एकत्र वाचलं तेव्हा मला तिचं डिझाईन कळलं. माणूस सहा दिवस स्वस्त जेवतो, कारण सातवा दिवस ठरलेला असतो. माझ्या एक्सेलमध्ये सातही दिवस रुपयाला कॅलरी सारख्याच भरत होत्या आणि बुधवारपर्यंत बहिणीने ताटावर तोंड वाकडं केलं होतं. बुधवारी रात्री तिने बाहेरून मागवलं, १९० रुपयांचं. आठवड्याचा दहावा हिस्सा एका बॉक्समध्ये गेला.

चौदा बायका आणि दीड हजार रुपये

आता आजीच्या गणितातली गळती. मेंबर पगार झाल्यावर पैसे देणार, वाण्याला मात्र रोज सामान हवं. म्हणजे मधला महिनाभराचा सगळा भार मावशीवर. ती वाण्याकडून उधार घेणार, नाहीतर व्याजाने पैसे काढणार, आणि अंगावरचं मंगळसूत्र सुद्धा अधूनमधून सोनाराकडे जाऊन येणार. संप झाला तर अजूनच बिकट. गिरणगावातला कुठलाही मोठा संप या बायकांच्या उधारीवर उभा राहिला. मेंबरला पगार नाही म्हणून त्याचं ताट बंद करणं त्यांना जमायचं नाही.

हे बरोबर ओळखलं प्रेमाताई पुरव यांनी. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेली. पुढे मुंबईत कामगार चळवळीत आल्या. त्यांनी पाहिलं की युनियन कामगाराची आहे, पण कामगाराला जगवणारी खाणावळवाली कुठल्याच यादीत नाही. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवात चौदा बायकांपासून झाली. बँकेकडून प्रत्येकीला दीड हजार रुपये कर्ज.

हे शक्य का झालं, तर १९६९ मध्ये मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि १९७२ पासून अगदी गरिबांसाठी वर्षाला ४ टक्के व्याजाची एक योजना आली होती. तरी बँकेला तारण हवं, आणि चाळीतल्या बाईकडे तारण काय असणार? मग बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. आसपास असाच विचार अहमदाबादला इलाबेन भट्ट करत होत्या, त्यांची सेवा बँक १९७४ ची.

माझ्या आजीला असं कर्ज १९७७ मध्ये मिळालं. मी त्याचा हिशेब मांडून बघितला. दीड हजारावर जुन्या एक आण्याच्या दराने महिन्याला ९३ रुपये ७५ पैसे व्याज होतं, वर्षाचे १,१२५. चार टक्क्यांनी वर्षाचे ६०. फरक १,०६५ रुपये. ८० रुपये महिन्याच्या हिशेबात एका मेंबरचं वर्षभराचं जेवण ९६० रुपये. म्हणजे चौदांपैकी एक माणूस वर्षभर फक्त व्याज भरण्यासाठी जेवत होता म्हणा ना.

कर्जानंतर वहीत दोन बदल दिसतात. एक, तांदूळ आणि ज्वारी आता पोत्याने येते. दोन, वाण्याचं नाव बदलतं. दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. रोकड हातात आल्यावर तिला पहिल्यांदा दुकान निवडता आलं.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. आजीच्या वहीत जानेवारीत चौदा नावं आहेत. फेब्रुवारीत चौदा, पण पैशांच्या रकान्यात "बाकी" लिहिलेलं. जूनमध्ये सहा नावं. बाकीचे गावी गेले. ऑक्टोबरमध्ये तीन. शेवटच्या पानावर तिने सगळी बाकी एकत्र मांडली आहे: ४,३६० रुपये. काही जणांनी नंतर गावाहून मनीऑर्डर केली, त्यांच्या नावावर रेघ आहे. बहुतेकांवर नाही. बँकेचा हप्ता मात्र तिने पुरा फेडला, कसा ते बाबांनाही नीट सांगता येत नाही.

०.८३ माणूस

आता मला जे सांगायचं होतं तिथे आलो.

सहाव्या आठवड्यात माझं एक्सेल एकदम छान चालू झालं होतं. मी आजीचा आठवडा त्यात बसवला होता: बाजाराचे दोन वार, मोडाचं कडधान्य, शनिवारचं पिठलं, रविवारी अर्धा किलो चिकन. खर्च १,८०० च्या आत. एवढंच नाही, पीठ उरायला लागलं. माझ्या हिशेबाने पाच किलोचं पीठ शनिवारी संपायला हवं होतं, पण रविवारी डब्यात किलोभर शिल्लक. मला वाटलं, वा, आपण कार्यक्षम झालो.

मी हे बाबांना कौतुकाने सांगितलं. बाबा टीव्ही बघत होते. मान न वळवता म्हणाले, "तुझी आई रात्री जेवते कुठे. चहा घेते आणि पडते."

मी आईला विचारलं. ती आधी म्हणाली भूक नसते. मग म्हणाली ॲसिडिटी होते. मग चिडली. "हप्ता जातोय ना वेळेवर? मग झालं तर." थोड्या वेळाने, भांडी घासता घासता, आपणहून म्हणाली, "सासूबाई पण अशाच करायच्या. मेंबरांचं झाल्यावर उरलं तर."

मी परत वह्या काढल्या. चौदा नावं, चौदा गुणिले एकतीस चौकोन. आजोबांचं जेवण वेगळं लिहिलेलं, बाबांचं आणि आत्याचं वेगळं. आजीचं स्वतःचं नाव एकाही पानावर नाही. बाजारहाट, दळण, इतक्या जणांची भाकरी, पहाटेचं पाणी, भांडी, सगळं करणाऱ्या माणसाला हिशेबात रकानाच नाही.

आणि तुम्हाला वाटेल सरकारी आकड्यांत तरी असेल. तर त्या काळच्या अशा कौटुंबिक जमाखर्चाच्या पाहण्यांत लस्क नावाच्या शास्त्रज्ञाची मोजपट्टी वापरली जायची. वेगवेगळ्या वयाची माणसं एका मापात आणायला. मोठा पुरुष म्हणजे १. मोठी बाई म्हणजे ०.८३. सरासरी शरीराचा विचार करून काढलेला आकडा आहे, त्यात वाईट हेतू नसेल. पण ही पट्टी बाईला किती लागतं याचा अंदाज सांगते, तिच्या ताटात किती पडलं हे नाही. पाहणी कुटुंबाची होते. घरात धान्य किती आलं ते कळतं. आल्यानंतर ते कोणाच्या ताटात गेलं ते खोलीच्या आतच राहतं.

पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवर गाजलेला अभ्यास केला. माणशी दिवसाला २,२५० कॅलरी, त्यासाठी १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये. गरिबीची रेषा कशी आखायची यावर पुढची कित्येक वर्षं झालेली चर्चा या कामाकडे परत परत येत राहिली. मोठं काम होतं ते. पण "माणशी" हा शब्द तिथेही आहे. घराचा आकडा भागिले माणसं. भागाकार केला की सगळ्यांना सारखं वाटल्यासारखं दिसतं.

माझं शीट पण तेच करत होतं. १,८०० भागिले ४. आणि हिशेब जमत होता, कारण चारपैकी एक जण गुपचूप त्यातून बाहेर पडली होती. जे पीठ मी बचत समजत होतो, ती आईची रात्रीची भाकरी होती.

कुठलंही स्वस्त मेनू प्लॅनिंगचं ॲप, व्हिडिओ, शीट बघाल तेव्हा एवढं आठवा. प्लॅन बरोबर आहे की नाही हे खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या माणसाच्या ताटात दिसतं.

मग आम्ही काय केलं

फार काही नाही. शीटमध्ये सरासरी काढून टाकली आणि चार नावं लिहिली. आजीसारखे चौकोन केले, फुलीसकट. पहिलं नाव आईचं. ती म्हणाली, "काय नाटकं ही." पण चौकोन रिकामा राहिला की बहीण विचारायला लागली.

दुसरं, आधी सगळी ताटं वाढायची, मग कोणीही बसायचं. आमच्याकडे आधी बाबा, मग मी आणि बहीण, गरम गरम भाकरी तव्यावरून ताटात, आणि आई शेवटी. भाकरी तव्यावरून ताटात येणं यात प्रेम आहे हे मान्य. पण त्यात शेवटच्या माणसाला किती उरलं हे कोणालाच दिसत नाही. चार ताटं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली की लगेच दिसतं. भाकरी थोडी गार होते. चालतं. बाबा पहिले चार दिवस कुरकुरले, नंतर ताटं तेच मांडायला लागले.

तिसरं, बजेट वाढलं. आई जेवायला लागली आणि १,८०० पुरेनात. १,९५० लागले. म्हणजे आमचा खरा आकडा पहिल्यापासून १,९५० होता, मधले दीडशे रुपये कोणीतरी आपल्या पोटातून भरत होतं. ते दीडशे मी माझ्या इंटरनेटच्या प्लॅनमधून आणि एका बंद न केलेल्या सबस्क्रिप्शनमधून काढले.

पाचव्या महिन्याच्या शेवटी मला काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. चौकोनांचं शीट अजून चालू आहे. शनिवारी पिठलं पण चालू आहे, कारण आता ते सगळ्यांना आवडायला लागलंय.

आजीच्या त्या शेवटच्या पानावर, ४,३६० च्या बाकीखाली, मी पेन्सिलने तिचं नाव लिहिलंय. हिशेबाला त्याने काही फरक पडत नाही. आईने पाहिलं आणि काही बोलली नाही, वही परत डब्यात ठेवली.

तुमच्याही घरात माळ्यावर अशी एखादी वही असेल. वाण्याची, भिशीची, दुधाची, खाणावळीची. या रविवारी काढा आणि घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून वाचा. त्यात कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. आणि रोज घरात असलेल्या कोणाचं नाव नाहीये, तेही बघा.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत वेळेवर जेवा, आणि एकत्र जेवा.